तेलाने भरलेले भांडे

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दिघीचा माळ मागे टाकून पुण्यात शिरते ती विश्रांतवाडीवरून. नावातच विश्रांती असलेल्या या वाडीला आता वाडी म्हणण्यासारखे काही उरलेले नाही. इमारती, दुकाने आणि वाहनांचा अखंड गोंगाट यांनी तिचे शहर केले आहे. तिच्या शेजारी, येरवड्याच्या अंगाला, भिंतीआड एक विस्तीर्ण आवार पसरले आहे. सरकारदरबारी त्याचे नाव प्रादेशिक मनोरुग्णालय. मंजूर खाटा अडीच हजारांच्या वर. पुणेकराच्या तोंडी मात्र नुसते ‘येरवडा’ आले, की तुरुंग की इस्पितळ, एवढेच काय ते विचारायचे बाकी राहते.

मन आजारी पडलेल्या बाईला दिवस गेले, तर तिच्या औषधांचे काय करायचे, हा या लेखाचा विषय. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न येरवड्याच्या भिंतीआड जितका आहे त्याहून किती तरी अधिक भिंतीबाहेर आहे. दिवाळसणाला माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीत एखादी गोळ्यांची डबी असते. तिच्याविषयी सासरी काही सांगितलेले नसते आणि माहेरी कोणी बोलत नाही. मग एखाद्या महिन्यात पाळी चुकते, घरात आनंदीआनंद होतो, आणि त्याच रात्री ती डबी कोणालाही न विचारता कचऱ्यात जाते. बाळासाठी, अर्थात. ते करणारीच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याने बाळाचे खरोखरच भले होते का, एवढेच पाहायचे आहे; आणि ते पाहायला थोडे इतिहासात शिरावे लागते.

आईच्या पोटात असताना बाळावर बाहेरच्या गोष्टींचा परिणाम होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची अर्धी विद्या ऐकणारा अभिमन्यू आपल्या घराघरांत वाढला आहे. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल व्यंग घेऊन जन्माला येते, असे सुश्रुतसंहिता सांगते, आणि आपल्या डोहाळजेवणांच्या मुळाशी ही समजूत थोडीफार असणारच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादीच आहे. जी गर्भिणी सदा शोकात बुडालेली असते तिचे मूल भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते. जी सदा भांडते तिचे अपस्मारी होते. आजच्या वाचकाला यातली पुष्कळ विधाने मान्य होणार नाहीत, आणि सगळा दोष आईच्या पदरात टाकण्याची रीत तर मुळीच आवडणार नाही. पण त्याच अध्यायात थोडे पुढे गेले म्हणजे एक फार सुंदर उपमा भेटते. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भिणीला जपावे. आणि तिला आजार झाला तर? औषध देऊ नये, असे चरक म्हणत नाही. सौम्य, मधुर, शीतल अशा औषधांनी तिचा उपचार करावा, असे तो म्हणतो. आजार असाच अंगावर काढावा, हा सल्ला आपल्या परंपरेने दिलेला नाही. तो नंतर कोठून तरी आपल्या घरांत शिरला.

एरवी मेंदूवर काम करणारी औषधे मुलांना देण्यात आपण काही कमी नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ चारून निजवीत. १९२०–२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची सरकारसाठी पाहणी केली, तेव्हा बहुतेक सर्व मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण दहा-दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईने मूल कोणाच्या भरवशावर टाकायचे होते? असो.

आता सर्पगंधेकडे वळू. ही कथा आपल्या घरची आहे. पावसाळी जंगलात उगवणारी ही लहानशी वनस्पती. तिच्या मुळ्या वैद्य आणि वैदू पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. बिहारकडे तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोन्ही विकारांवर तिचा गुण येतो, असे लिहून प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य जगाने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग १९४९ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि एकदम सर्वांचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या अहमदाबादचे डॉ. हकीम यांच्या उन्मादावरील कामाची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली, ती नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाच्या वाचनात आली, आणि १९५४ मध्ये त्याने आपल्या इस्पितळातील रोग्यांवरील निष्कर्ष जाहीर केले. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा उदयही त्याच सुमाराचा, १९५२ चा. १९५७ चे लास्कर पारितोषिक क्लाइन, क्लोरप्रोमॅझिनचे फ्रेंच प्रवर्तक आणि आपले वकील अशा मंडळींना एकत्रच मिळाले. जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या साखळ्या आणि कोंडवाडे ढिले झाले ते या दोन औषधांनंतर.

पण याच सर्पगंधेने आणखी एक धडा दिला आणि तो आपण फारसा लक्षात ठेवला नाही. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या तोंडावर रेसरपिन देण्यात येऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिले, की अशा आयांची मुले जन्मतःच नाक चोंदलेली आणि सुस्त अशी निघतात. तान्हे मूल श्वास घेते ते नाकाने. नाक चोंदले की त्याला दूधही ओढता येत नाही. म्हणजे आईच्या रक्तातले औषध वार ओलांडून बाळाच्या अंगात पोहोचले होते. वार ही बाळाभोवतीची अभेद्य भिंत आहे अशी त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग याने गरोदरपणी जर्मन गोवर झालेल्या आयांच्या मुलांत मोतीबिंदू दाखवून तिला पहिला तडा दिला होता. सर्पगंधेने आपल्या परीने दुसरा दिला. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी हे प्रकरण विसरू नये.

भिंत कोसळली ती थॅलिडोमाइडने. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे औषध बाजारात आले ते झोपेचे आणि मन शांत करणारे, अगदी निर्धोक औषध म्हणून. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते सर्रास दिले जाई. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेण्यात आले, तोवर सुमारे दहा हजार मुले हातपाय खुंटलेल्या स्थितीत जन्माला आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईने कंपनीच्या साऱ्या दडपणाला न जुमानता परवानगी अडवून धरली, म्हणून तो देश बव्हंशी वाचला. या घटनेने औषधांचे कायदे जगभर कडक झाले, ते योग्यच झाले. पण तिने एक भीतीही मागे ठेवली: गरोदर बाई आणि मनाची गोळी ही दोन नावे एकत्र आली की सर्वांनी हात झटकायचे.

लिथियमची हकीकत या भीतीचे चांगले उदाहरण आहे. १९४९ मध्ये, म्हणजे वकिलांच्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड याने या साध्या क्षाराचा उन्मादावरचा गुण दाखवला. कधी उन्माद तर कधी खोल उदासी अशा हेलकाव्यांच्या आजारावर त्याच्या तोडीचे औषध आजही थोडेच. १९६० नंतर डेन्मार्कच्या मोगेन्स श्शू यांच्या पुढाकाराने ‘लिथियम-बाळां’ची नोंदवही सुरू झाली. गरोदरपणी लिथियम घेतलेल्या आयांच्या मुलांची माहिती डॉक्टरांनी आपणहून कळवायची, अशी तिची पद्धत होती. थोड्याच वर्षांत तिच्यात हृदयाच्या एका अतिशय दुर्मिळ व्यंगाच्या नोंदी दिसू लागल्या आणि हा धोका कैक पटींनी, शेकडो पटींनी वाढतो, असे बोलले जाऊ लागले. कित्येक बायकांचे औषध बंद झाले, कित्येकींना मूल होऊ देऊ नका असे सांगण्यात आले.

गोम त्या नोंदवहीतच होती. ज्याचे मूल धडधाकट निघाले तो डॉक्टर पत्र कशाला लिहील? पत्रे येतात ती अपघाताची. गावातल्या विहिरीत पडलेल्यांचीच नावे लिहीत बसले, तर विहिरीवरून रोज सुखरूप पाणी आणणाऱ्या बायका हिशेबात येतच नाहीत. १९९४ मध्ये बोस्टनचे ली कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्या विशिष्ट व्यंगाचा धोका हजार-दोन हजारांत एकाच्या आसपास येतो, असे निघाले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फार मोठ्या संख्येवरून केलेला हिशेब आणखी स्पष्ट आहे: लिथियम न घेतलेल्या आयांच्या मुलांत हृदयाची व्यंगे शेकडा १.१५, घेतलेल्यांत शेकडा २.४१, आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त. म्हणजे धोका आहे, नाही असे नाही. पण शंभरांत एखादे जास्तीचे मूल आणि ‘शेकडो पट’ यांच्यामध्ये किती तरी संसारांचे निर्णय झाले.

आता उलट बाजू. सगळीच भीती खोटी ठरली असती तर हा लेख लिहायला फार सोपा झाला असता. व्हॅल्प्रोएट हे औषध मिरगीवर फ्रान्समध्ये १९६७ मध्ये बाजारात आले आणि पुढे उन्मादावरही वापरले जाऊ लागले. गुणकारी, स्वस्त, हाताशी असलेले. १९८२ मध्ये ल्यों शहरात जन्मजात व्यंगांची नोंद ठेवणाऱ्या डॉ. एलिझाबेथ रोबेर यांच्या ध्यानात आले, की पाठीचा कणा उघडा राहिलेल्या मुलांच्या आयांत हे औषध घेणाऱ्या फार आहेत. इथे मात्र संशय पक्का ठरत गेला. त्याहून गंभीर गोष्ट पुढे कळली. अमेरिका आणि ब्रिटन यांतल्या मिरगीग्रस्त आयांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये किमफर्ड मीडर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सहाव्या वर्षी इतर तीन औषधांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०५ ते १०८ असताना व्हॅल्प्रोएटच्या मुलांचा ९७ होता. जन्मतः हातपाय नीट, नाकीडोळी छान. उणेपण दिसते ते शाळेच्या पाटीवर. थॅलिडोमाइडची हानी सुईणीलाही दिसली असती. ही हानी दिसायला सहा वर्षे आणि शेकडो मुलांची धीराने घेतलेली परीक्षा लागली. ब्रिटनने २०१८ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी या औषधावर कडक बंधने घातली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ पासून मिरगी आणि गरोदरपण यांची नोंदवही चालवली. मुलांच्या वाढीवरचे भारतातले मोलाचे काम तिच्यातून निघाले.

इथे एक शरीरशास्त्राची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाळाचा पाठीचा कणा ज्यात तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली, आठ दिवस वाट पाहिली, सासूबाईंना कळले, दवाखाना गाठला, एवढ्यात ती वेळ टळून गेलेली असते. गोळी कचऱ्यात टाकण्याने कण्याला होणारा अपाय तोवर टळायचा राहत नाही, आणि आजार उलटण्याची वाट मात्र मोकळी होते. अशा औषधाविषयी बोलायचे ते लग्न ठरताना, मुलाचा विचार करताना, डॉक्टरांसमोर. म्हणजे ज्या वेळी आपल्याकडे त्याचा उच्चारही करत नाहीत त्याच वेळी. फॉलिक ॲसिडची साधी गोळीही तेव्हाच सुरू व्हायला हवी.

उदासीच्या आजारावरच्या नव्या गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथले वादळ बरेच शमले आहे. या गोळ्यांमुळे मूल स्वमग्न होते, असा बोभाटा काही वर्षे चालला. २०१७ मध्ये एकाच आईच्या दोन मुलांची तुलना करण्यात आली, एक गोळी घेत असतानाचे, दुसरे नसतानाचे. तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. जन्मानंतर काही दिवस बाळ चिडचिडे, थरथरते असू शकते, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, हे खरे. मुख्य संशय मात्र गोळीपेक्षा आजाराकडे आणि घराण्याच्या वारशाकडे वळला. दरम्यान याच कोहेन यांनी २००६ मध्ये २०१ गरोदर बायकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते: गोळी चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटला शेकडा २६ जणींचा, सोडणाऱ्यांत शेकडा ६८ जणींचा.

आजार उलटला तर बाळाचे काय होते? याचे उत्तर शोधायला बोस्टनला जायचे कारण नाही. ते म्हापशाला मिळते. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या सरकारी इस्पितळात, ज्याला गोवेकर ‘आझिलो’ म्हणतात तिथे, २७० आयांचा गरोदरपणापासून माग ठेवला. २००२ मध्ये त्यांनी लिहिले, की बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी यांतल्या शेकडा २३ जणी उदासीच्या आजाराने ग्रासलेल्या होत्या. कारणे वाचून मान खाली जाते: गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून घरातले पडलेले चेहरे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुलांचा हिशेब मांडला. जन्मतः अडीच किलोंच्या वर, म्हणजे चांगल्या वजनाच्या, १७१ बाळांपैकी ३७ जणांच्या आया उदास होत्या. सहा महिन्यांनी या उदास आयांच्या मुलांत शेकडा ३० वजनाने फार मागे पडली होती; इतरांत शेकडा १२. उंचीतही तसेच, आणि समजेच्या वाढीतही ती मागे होती. यांपैकी कोणाचीही हानी औषधाने झाली नव्हती.

चरकाने शोकात बुडालेल्या गर्भिणीचे मूल कृश होते असे म्हटले होते, हे इथे आठवते. फक्त त्याने शोकाचे कारण विचारले नव्हते. म्हापशात ते विचारले गेले. आजाराचा बाळावरचा परिणाम हा काही आईच्या अंगातल्या विषाने होत नाही. जी बाई उठू शकत नाही, जेवत नाही, बाळ रडले तरी ज्या बाईचे मन हलत नाही, तिचे बाळ भुकेले आणि एकटे राहते. ब्रिटनमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंची कसून चौकशी करण्याची फार जुनी प्रथा आहे. तिच्या १९९७–९९ च्या अहवालात आत्महत्या हे मातांच्या मृत्यूचे एक अग्रगण्य कारण असल्याचे दिसून आले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही धक्का बसला. आपल्याकडे अशा मृत्यूला ‘बाळंतवात डोक्यात गेला’ म्हणतात आणि विषय मिटतो.

उपाय नेहमी गोळीच असतो असेही नाही. त्याच गोव्यात पुढे शेजारपाजारच्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून गरोदर आणि उदास बायकांच्या घरी पाठवण्यात आले. २८० जणींवरचा तो प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गुण बेताचाच आला, पण आला. हलक्या उदासीला असा आधार पुरतो. ज्या बाईला पूर्वी उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत तिला मात्र तो पुरणार नाही, आणि तिथे कोणते औषध, किती आणि केव्हा, हा हिशेब डॉक्टर आणि ती स्वतः यांनी मांडायचा. ‘ती स्वतः’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो. या सत्तर वर्षांच्या इतिहासात आईच्या रक्तातले औषध मोजले गेले, मुलाचा बुद्ध्यंक मोजला गेला. तिला काय वाटते हे विचारणारे फार थोडे भेटतात.

कायद्याने मात्र तिची थोडी दखल घेतली आहे. १९१२ चा कायदा ‘वेड्यां’चा होता आणि त्याची सारी भाषा कोंडण्याची होती. त्याच्या जागी १९८७ चा आला आणि त्याच्याही जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. या नव्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात एक छोटीशी तरतूद आहे: मनोरुग्णालयात दाखल झालेल्या बाईचे मूल तीन वर्षांच्या आतले असेल, तर सामान्यतः त्याला तिच्यापासून तोडायचे नाही. आईकडून मुलाला धोका असेल तरच वेगळे करायचे. तेव्हाही तिला देखरेखीखाली त्याला भेटू द्यायचे, दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा, आणि तीस दिवसांवर ताटातूट जात असेल तर वरची मंजुरी घ्यायची. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने हे कायद्याच्या आधीच, २००९ मध्ये, करून दाखवले होते. तिथल्या माता-बाल कक्षात आजारी आई आणि तिचे तान्हे मूल एकत्र राहतात, घरचे कोणी तरी सोबत असते, आईची औषधे चालू असतात, आणि बाळाला न्हाऊमाखू कसे घालायचे, त्याच्याशी कसे खेळायचे, हेही तिथे उपचाराचाच भाग म्हणून शिकवतात.